पडद्याखालची फळी

गेल्या महिन्यात शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड गावातील ‘गॅलपिंग घोस्ट’ या आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या मोठ्या यंत्रांच्या दालनात, मी ‘रोबोट्रॉन : २०८४’ हा खेळ पहिल्यांदा खेळलो. पुण्यात अभियांत्रिकीला असताना हाच खेळ मी वसतिगृहातील संगणकावर कित्येक रात्री खेळलो होतो, तरीही ‘पहिल्यांदा’ हाच शब्द मला योग्य वाटतो. १९९७ मध्ये आलेल्या ‘मेम’ या एम्युलेटरमुळे जुन्या आर्केड यंत्रांतील मूळ प्रोग्रॅम घरच्या संगणकावर जसेच्या तसे चालवणे शक्य झाले होते आणि आम्ही मित्रांनी त्यावर हाताला लागेल तो खेळ चालवून पाहिला होता. रोबोट्रॉन मला तेव्हा मुळीच आवडला नव्हता. चार बाणांच्या कळांनी माणूस हलवायचा, दुसऱ्या चार कळांनी गोळ्यांची दिशा ठरवायची, आणि दोन्हीकडे तिरके जायचे असेल तर एकाच वेळी चार कळा दाबून धरायच्या. आमच्या कीबोर्डला इतक्या कळा एकदम समजतच नसत. पडद्यावर नुसता गोंगाट दिसे आणि अर्ध्या मिनिटात खेळ संपे.

ब्रुकफील्डला त्या यंत्रासमोर उभा राहिलो तेव्हा पडद्याखालच्या फळीवर फक्त दोन जॉयस्टिक होत्या. खेळ सुरू करण्याची बटणे सोडली तर तिथे दुसरे काहीही नव्हते. डाव्या हातातील जॉयस्टिक ज्या दिशेला ढकलावी तिकडे माणूस धावतो, आणि उजव्या हातातील जॉयस्टिक ज्या दिशेला ढकलावी तिकडे गोळ्या सुटतात. जोवर ती धरून ठेवली आहे तोवर त्या सुटतच राहतात. दोन मिनिटांत माझ्या हातांना ते उमगले. चारही बाजूंनी यंत्रमानव चालून येत असताना डावा हात निसटण्याची वाट शोधतो, उजवा हात मागे लागलेल्यांना थोपवतो, आणि पुढच्याच क्षणी दोघेही एका दिशेला वळून गर्दीतून वाट कापत, ज्यांना वाचवायचे असते त्या अडकलेल्या आईबापांपर्यंत आणि मुलापर्यंत पोहोचतात. एका हाताच्या आठ दिशा आणि दुसऱ्याच्या आठ, म्हणजे चौसष्ट जोड्या होतात. पण खेळताना त्यातली एकही जोडी मनाशी जुळवावी लागत नाही. तबल्यावर डावा आणि उजवा आपापले काम करीत एकच ठेका धरतात, तसे काहीसे होते.

या दोन जॉयस्टिकमागची हकिकत प्रसिद्ध आहे. १९८२ साली शिकागोच्या विल्यम्स कंपनीसाठी यूजीन जार्विस आणि लॅरी डिमार यांनी हा खेळ तयार केला. त्याआधी एका मोटार अपघातात जार्विस यांच्या उजव्या हाताला दुखापत झाली होती. जॉयस्टिक मुठीत धरणे त्यांना जमत होते, बटण दाबणे मात्र जमत नव्हते, आणि त्यातून गोळी झाडण्याचे कामही जॉयस्टिकलाच देण्याची कल्पना निघाली. आश्चर्य असे की याच जार्विस यांनी आदल्या वर्षी ‘डिफेंडर’सारखा खेळ लोकांपुढे ठेवला होता, ज्याच्या फळीवर वरखाली हलणारी एक जॉयस्टिक आणि तिच्या जोडीला पुढे जाणे, उलट वळणे, गोळी, बॉम्ब आणि गायब होणे अशी तब्बल पाच बटणे होती. ती फळी पाहून माणूस बिचकतो. रोबोट्रॉनची फळी पाहून कोणी बिचकत नाही, आणि तरीही तो खेळ डिफेंडरइतकाच निर्दय आहे.

आणखी एक गोष्ट मला त्या दिवशी प्रथमच कळली, ती म्हणजे यंत्राच्या वजनाचे महत्त्व. घरी खेळण्याच्या साध्या जॉयस्टिकला एक हात दांड्यावर आणि दुसरा तिच्या बुडाशी लागतो, नाहीतर ती टेबलावर सरकत राहते. दोन जॉयस्टिक दोन हातांनी सपासप ओढायच्या असतील, तर त्या कशावर तरी घट्ट रोवलेल्या असाव्या लागतात. अटारी ५२०० या घरगुती यंत्रासाठी रोबोट्रॉन आला तेव्हा दोन जॉयस्टिक शेजारीशेजारी अडकवून ठेवणारी प्लास्टिकची बैठक त्याच्यासोबत मुद्दाम द्यावी लागली होती. आर्केडमध्ये हे काम ते जडशीळ लाकडी कपाट निमूटपणे करीत असते, आणि खेळणारा त्यावर निःशंकपणे सगळा भार टाकू शकतो.

आमच्या पिढीला हे सगळे इतक्या उशिरा का कळावे, याचे उत्तर साध्या व्यवहारात आहे. १९९३च्या सुमारास नाशिकला आमच्या गल्लीच्या तोंडाशी व्हिडिओ गेमचे एक पार्लर होते. तिथे चार कपाटे होती आणि चारही कपाटांच्या फळीवर एक जॉयस्टिक आणि काही बटणे अशी एकच मांडणी होती. जपानमधील आर्केड उत्पादकांच्या ‘जामा’ या संघटनेने १९८५च्या सुमारास जोडणीचे एक प्रमाण ठरवून दिले होते. छप्पन्न टोकांच्या एकाच जोडणीत पडदा, आवाज, वीज आणि प्रत्येक खेळाडूसाठी एक जॉयस्टिक व तीन बटणे, असा सगळा संसार त्यात मांडलेला होता. यामुळे पार्लरवाल्याला खेळाचा जुना सर्किट बोर्ड उपसून नवा खुपसला की त्याच कपाटात नवा खेळ मिळे. त्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती, आणि आमच्यासारख्या गावांपर्यंत हे खेळ पोहोचले त्याचे बरेचसे श्रेय या सोयीला द्यावे लागेल. परंतु ज्या खेळाला चेंडू, चाक किंवा फिरता नॉब लागतो, तो खेळ अशा कपाटात बसू शकत नव्हता. म्हणून ते खेळ आमच्या वाट्याला आले नाहीत, आणि पुढे एम्युलेटरवर आले तेव्हा हातांविना आले.

‘टेम्पेस्ट’ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण मला वाटते. डेव्ह थ्युरर यांनी १९८१ मध्ये अटारी कंपनीसाठी केलेला हा खेळ रंगीत रेषांनी रेखाटलेला आहे. समोर खोल विहिरीसारखी एक नळी दिसते, तिच्या तळातून शत्रू कडांवरून वर चढत येतात आणि आपण तिच्या काठावरून सरकत त्यांच्यावर गोळ्या झाडतो. जमिनीतील भोकातून राक्षस बाहेर येत असल्याचे एक दुःस्वप्न थ्युरर यांना पडत असे, त्यावरून ही विहीर सुचली. हालचालीसाठी फळीवर एक नॉब आहे. तो डावीकडे पिळला की आपण काठावरून एका दिशेने जातो, उजवीकडे पिळला की दुसऱ्या. सुरुवातीला थ्युरर यांनी याच्या उलट केले होते, म्हणजे आपण जागेवर आणि विहीरच फिरते आहे असे; पण त्याने खेळणाऱ्यांना गरगरायला लागले, म्हणून विहीर स्थिर करून आपल्याला फिरते केले.

या नॉबचे वैशिष्ट्य असे की तो कुठेही अडत नाही. १९७२च्या ‘पाँग’मध्येही नॉबच होता, पण तो रेडिओचा आवाज लहानमोठा करण्याच्या बटणासारखा होता. आत पोटेन्शिओमीटर (फिरवला की विजेचा रोध कमीजास्त करणारा भाग), दोन्ही टोकांना अडसर आणि नॉबची प्रत्येक जागा म्हणजे पडद्यावरची एक ठरलेली जागा. सरळ रेषेत वरखाली जाणाऱ्या फळकुटासाठी ते अगदी योग्य होते. टेम्पेस्टमधल्या गोल काठाला मात्र सुरुवात आणि शेवट नसल्यामुळे नॉबलाही ते असून चालणार नव्हते. त्यासाठी नॉबच्या दांड्यावर कडेला खाचा असलेली एक चकती बसवलेली असते, तिच्या एका अंगाला प्रकाश आणि दुसऱ्या अंगाला किंचित पुढेमागे लावलेले दोन प्रकाशग्राहक असतात. चकती फिरली की दोन्ही ग्राहकांवर आळीपाळीने सावली पडते. किती वेळा पडली यावरून नॉब किती फिरला ते समजते आणि कोणावर आधी पडली यावरून तो कोणत्या दिशेने फिरला ते समजते. इतकी साधी रचना आहे, आणि हाताला ती अतिशय जिवंत लागते. अंगठा आणि तर्जनी यांनी नॉबला हलकी टिचकी द्यावी, तो आपल्या वजनाने गरगर फिरत राहावा, काठावरून आपण भर्रकन अर्धा फेरा मारावा आणि नेमक्या ठिकाणी बोटाने त्याला धरावे. कीबोर्डवर बाणाची कळ दाबून हेच केले की आपण ठरावीक वेगाने एकेक घर सरकत जातो. प्रोग्रॅम तोच, रेषा त्याच, आवाज तोच, आणि तरीही तो खेळ टेम्पेस्ट राहत नाही.

थ्युरर यांचाच आदल्या वर्षीचा खेळ म्हणजे ‘मिसाइल कमांड’. यात जमिनीवर सहा शहरे आहेत, आकाशातून क्षेपणास्त्रांच्या रेषा उतरत येतात आणि आपण एक खूण आकाशात योग्य जागी नेऊन तिथे स्फोट घडवतो. ही खूण हलवायला फळीत बसवलेला एक मोठा चेंडू असतो, ज्याला ट्रॅकबॉल म्हणतात. जॉयस्टिकने फक्त दिशा सांगता येते. चेंडूने दिशा, अंतर आणि वेग हे तिन्ही एकाच हालचालीत सांगता येतात. दूरच्या कोपऱ्यात एकाएकी रेषा दिसली की तळहाताने चेंडू जोरात लोटायचा, आणि जवळचे अचूक साधायचे असेल तेव्हा बोटांच्या टोकांनी तो हळुवार वळवायचा. दुसऱ्या हाताखाली तीन बटणे असतात, डाव्या, मधल्या आणि उजव्या तळासाठी प्रत्येकी एक. प्रत्येक तळावर दहाच क्षेपणास्त्रे असतात आणि मधल्या तळाची क्षेपणास्त्रे इतर दोघांपेक्षा वेगाने जातात. त्यामुळे एका हाताने कुठे आणि दुसऱ्या हाताने कोणाकडून, हा निर्णय सतत चालू राहतो. अटारी २६०० या घरगुती यंत्रावर हा खेळ आणताना हाताशी एक जॉयस्टिक आणि एकच बटण होते, म्हणून तीन तळांऐवजी एकच तळ ठेवावा लागला. फळी बदलली तर खेळाचे नियमसुद्धा बदलावे लागतात, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

ट्रॅकबॉलचा जन्म खेळांत झालेला नाही. ब्रिटिश नौदलाच्या रडार यंत्रणेवर काम करणाऱ्या राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये अशा चेंडूची कल्पना मांडली होती, आणि पुढे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या नौदलाच्या ‘डेटार’ प्रकल्पात अभियंत्यांनी चक्क बोलिंगचा चेंडू वापरून ट्रॅकबॉल तयार केला होता. आकाशातून येणारी वस्तू पडद्यावर हेरायची आणि हाताखालच्या चेंडूने तिच्यावर खूण नेऊन ठेवायची, हेच त्या नौदलाच्या माणसांचे काम होते. तीस-पस्तीस वर्षांनी आर्केडमध्ये नाणे टाकणारी मुले तेच काम करीत होती. हे लक्षात आल्यापासून मला मिसाइल कमांड खेळताना थोडे गंभीर व्हायला होते. हा खेळ करीत असताना अणुहल्ल्याची स्वप्ने पडत असत, असे थ्युरर यांनीच सांगितले आहे.

आर्केडमध्ये ट्रॅकबॉल लोकप्रिय केला तो १९७८च्या ‘अटारी फुटबॉल’ने. तिथे अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू पळवायला चेंडू तळहाताने जिवाच्या आकांताने लोटावा लागे, आणि त्यात लोकांच्या हातांना फोड येत. माझ्याकडे असलेला ट्रॅकबॉल मी एका जुन्या यंत्राचे भाग विकणाऱ्याकडून घेतला. तो आला तेव्हा चेंडू उजवीकडे लोण्यासारखा फिरे आणि वरच्या दिशेला अडखळे. उघडून पाहिले तर आत एकमेकांशी काटकोनात बसवलेले दोन बारीक रूळ होते, चेंडू ज्यांच्यावर टेकून फिरतो. त्यातल्या एका रुळावर मधोमध काळसर, कडक झालेल्या मळाचे एक वळे तयार झाले होते. कोण जाणे किती वर्षांच्या, किती तळहातांच्या घामाचे आणि धुळीचे ते वळे असेल. लाकडी दातकोरणीने ते हळूहळू खरवडून काढले, रूळ स्पिरिटने पुसला, बेअरिंगला तेलाचा एक थेंब दिला. चेंडू परत बसवून बोटाने ढकलला तेव्हा तो दोन्ही दिशांना सारखाच आणि आवाज न करता फिरला. रूळांच्या टोकांना टेम्पेस्टमध्ये असते तशीच खाचांची चकती होती. एक नॉब आडवा आणि एक नॉब उभा, आणि दोघांवर टेकलेला चेंडू, एवढाच ट्रॅकबॉलचा सगळा पसारा आहे.

जपानमध्ये त्याच काळात दोन जॉयस्टिकचा एक अगदी वेगळा उपयोग झाला होता. निचिबुत्सू कंपनीच्या १९८०च्या ‘क्रेझी क्लायंबर’मध्ये एक माणूस उंच इमारतीवर खिडक्या धरत चढतो. डावी जॉयस्टिक हा त्याचा डावा हात आणि उजवी जॉयस्टिक हा त्याचा उजवा हात, बटण नाहीच. एक जॉयस्टिक वर ढकलली की त्या बाजूचा हात वरची चौकट गाठतो, खाली ओढली की शरीर वर उचलले जाते. वरून लोक कुंड्या टाकतात, खिडक्या धाडकन बंद होतात, आणि त्या क्षणी दोन्ही हातांची पकड पक्की असली तरच तो टिकतो. खेळणाऱ्याचे खांदे नकळत त्या माणसाबरोबर वरखाली होऊ लागतात. त्याच वर्षीच्या अटारीच्या ‘बॅटलझोन’मध्येही दोन दांडे आहेत, पण ते रणगाड्याच्या दोन पट्ट्यांचे आहेत. दोन्ही पुढे ढकलले की रणगाडा पुढे जातो, एक पुढे आणि एक मागे केला की तो जागच्या जागी वळतो. अमेरिकी लष्कराच्या मागणीवरून याच खेळाची प्रशिक्षणासाठी एक आवृत्ती करण्यात आली. मूळ खेळाचे कर्ते एड रॉटबर्ग यांना ते काम मान्य नव्हते, तरी ते त्यांनाच करावे लागले. त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या दोन मुठींच्या सुकाणूवरूनच पुढे १९८३च्या ‘स्टार वॉर्स’ या आर्केड खेळाचे सुकाणू आले.

सगळेच प्रयोग यशस्वी झाले नाहीत, आणि मला सर्वांत जवळचा वाटणारा प्रयोग फसलेलाच आहे. १९८७ मध्ये कॅपकॉमने ‘स्ट्रीट फायटर’ आणला तेव्हा त्याच्या एका प्रकारच्या यंत्रावर ठोसा आणि लाथ यांच्यासाठी दोन मोठी, मऊ बटणे होती. ती जितक्या जोराने हाणावीत तितका पडद्यावरचा फटका हलका, मध्यम किंवा जोरदार पडे. कल्पना म्हणून हे अतिशय नेमके आहे, कारण मारामारीच्या खेळात मारण्याचा जोर खेळणाऱ्याच्या हातातून यावा याहून सरळ मार्ग कोणता असू शकेल? परंतु लोक मुठी आवळून ती बटणे बडवू लागले, हात दुखावू लागले, आणि यंत्रेही मोडू लागली. शिवाय हलका फटका मुद्दाम मारण्यासाठी लागणारा संयम अटीतटीच्या क्षणी कोणाकडे राहत नाही. शेवटी जोराच्या तीन पायऱ्यांसाठी तीन ठोशांची आणि तीन लाथांची अशी सहा वेगळी बटणे देण्यात आली, आणि तीच मांडणी पुढे जगभर रूढ झाली.

नाशिकच्या त्या पार्लरमध्ये १९९१चा ‘स्ट्रीट फायटर २’ आला तेव्हा जामाच्या जोडणीत तीनच बटणांची सोय असल्यामुळे लाथांच्या बटणांसाठी वेगळी वायर जोडावी लागली होती, आणि दोन दिवस ती जुळत नसल्याने आम्ही केवळ ठोशांवर लढत होतो. सहा बटणांतले कोणते हलके आणि कोणते भारी हे आम्ही बोटांनी पाठ केले. ती सहा बटणे म्हणजे एका हरवलेल्या मुठीची जागा आहे, हे मला कळायला पुढे वीस वर्षे जावी लागली.

कधीकधी भाग तोच ठेवून फक्त बसवण्याची पद्धत बदललेली असते. शिकागोच्याच गॉटलिब कंपनीच्या १९८२ मधील ‘क्यूबर्ट’ची जॉयस्टिक साधी चार दिशांची आहे, पण ती पंचेचाळीस अंशांनी वळवून बसवली आहे, कारण ठोकळ्यांच्या त्या मनोऱ्यावर सरळ कुठे जाताच येत नाही, फक्त तिरक्या उड्या मारता येतात. कीबोर्डवर खेळताना मी ‘वर’ म्हणजे नेमके कुठे या गोंधळात काठावरून कितीदा पडलो असेन याची मोजदाद नाही. ‘पेपरबॉय’मध्ये सायकलचे हँडल आहे, सेगाच्या ‘हँग-ऑन’मध्ये आख्खी मोटारसायकल आहे आणि वळायचे तर तिच्यासकट अंग कलवायचे आहे, आणि तायतोच्या ‘देन्शा दे गो’मध्ये जपानी लोकलच्या मोटरमनसमोर असतात तसे वेगाचे आणि ब्रेकचे दांडे आहेत. या खेळांत फळी कोणाची तरी नक्कल करते. ती नक्कल सुरेख असते यात शंका नाही, पण माझे मन रोबोट्रॉन आणि टेम्पेस्ट यांच्यावर अधिक बसते, कारण त्यांच्या हातांच्या हालचालींना खेळाबाहेर कोणतेही नाव नाही. त्या हालचाली त्या खेळासाठीच निर्माण झाल्या.

जुने खेळ जपणाऱ्या लोकांविषयी मला फार आदर आहे. चिपमधील माहिती उतरवून घेणे आणि ती अचूक चालवणे या कामात अनेकांनी आपली वर्षे घातली आहेत, आणि ते नसते तर मला रोबोट्रॉनचे नावही कळले नसते. परंतु प्रोग्रॅमची प्रत काढता येते तशी नॉबच्या वजनाची, स्प्रिंगच्या ताणाची आणि चेंडूच्या फिरण्याची प्रत काढता येत नाही. मूळ यंत्रांतले हे भाग झिजत आहेत आणि त्यांची मापे फार थोड्या ठिकाणी कोणी लिहून ठेवलेली आहेत. ज्यांच्याकडे मूळ फळ्या शाबूत आहेत त्यांनी केवळ छायाचित्रे न काढता मापे आणि वजनेही नोंदवावीत, असे मला मनापासून वाटते.

मी स्वतः घरी प्लायवूडची एक फळी केली आहे. तिच्यावर दोन जॉयस्टिक, मधोमध तो साफ केलेला ट्रॅकबॉल आणि वरच्या बाजूला एक नॉब बसवला आहे. रोबोट्रॉन खेळताना ती टेबलावरून सरकू नये म्हणून सुताराच्या दोन शिकंज्यांनी ती आवळून ठेवतो, आणि आता ती हलत नाही. नॉब मात्र अजून साधलेला नाही. तो प्लास्टिकचा आणि हलका असल्यामुळे टिचकी दिली की पाव फेऱ्यातच थांबतो. त्याच्या दांड्यावर खालून बसवायला पितळेची एक चकती हवी आहे, आणि दिवाळीत नाशिकला गेल्यावर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून ती कातून आणण्याचा विचार आहे. लेथवाला जाडी किती ठेवायची ते विचारील, म्हणून त्याआधी एकदा ब्रुकफील्डला जाऊन टेम्पेस्टचा तो नॉब टिचकी देऊन किती वेळ फिरतो, हे घड्याळ लावून पाहून यायचे आहे.